बोंडूचा रंग छपाईपर्यंत टिकू द्या : व्हेक्टर सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांना गोव्यातून खुले पत्र

प्रति,
व्हेक्टर चित्रांची (ठिपक्यांऐवजी रेघा आणि आकारांच्या गणिताने साठवलेल्या चित्रांची) मुक्त सॉफ्टवेअरं घडवणारे, एसव्हीजीचं (वेबवरच्या व्हेक्टर फायलींचं) मानक ठरवणारे आणि ब्राउझर बांधणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

पणजी, म्हापसा, फोंडा, डिचोली, मडगाव या भागांत काजूगराच्या पाकिटांची वेष्टनं, फेणीची लेबलं, देवळातल्या नाटकांचे फलक, जत्रेचे आणि चतुर्थीचे फ्लेक्स करणाऱ्या आम्हा मंडळींचं हे पत्र आहे. विषय एकच : आकाराच्या आत एका रंगातून दुसऱ्या रंगात अलगद उतरणारी छटा. तुमच्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत ती छान दिसते, पण फाईल खिडकीबाहेर गेली की टिकत नाही. कुठे नाहीशी होते, कुठे तिचे पट्टे पडतात, कुठे मधोमध पांढरी केसाएवढी रेघ उमटते. ग्राहक म्हणतो, 'स्क्रीनवर दाखवलंत ते हे नव्हे.' त्याचं खरं असतं.

सोपं उदाहरण काजूच्या बोंडूचं. पिकलेलं बोंडू हातात धरून पाहा. उन्हाच्या अंगाला लाल, दुसऱ्या अंगाला पिवळं, मधे केशरी. पण ही हद्द सरळ नसते. लाली एका बाजूने खाली उतरते, पिवळेपणा दुसऱ्या बाजूने वर चढतो, आणि खांद्यावर पांढुरकी चकाकी असते. याला रेषीय ग्रेडियंट (सरळ रेषेत बदलत जाणारी छटा) दिला तर झेंडा होतो, वर्तुळाकार दिला तर चेंडू. एसव्हीजी मानक २००१ साली आलं तेव्हा छटेचे हे दोनच प्रकार त्यात होते, आणि आजही अधिकृतपणे दोनच आहेत. बोंडू काढायला मेश, म्हणजे छटेचं जाळं, लागतो. आकारावर जाळं पसरायचं, जाळ्याच्या प्रत्येक गाठीला रंग द्यायचा, आणि गाठींमधली जागा सॉफ्टवेअरने भरायची.

हे काही नवं मागणं नव्हे. चार वक्र कडांमधला पृष्ठभाग भरण्याचं गणित स्टीव्हन कून्स यांनी एमआयटीत १९६७ साली मांडलं. पीडीएफच्या १.३ या आवृत्तीपासून छटांचे सात प्रकार लिहून ठेवलेले आहेत. त्यातला सहावा कून्स यांच्या नावाचा, बारा बिंदू आणि चार रंगांचा. सातवा सोळा बिंदूंचा. अडोबी कंपनीच्या इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरच्या आठव्या आवृत्तीत मेश १९९८ सालीच आला. म्हणजे छपाईच्या जगाने हा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी सोडवला आहे.

मग एसव्हीजीचं घोडं कुठे अडलं? एसव्हीजी २ च्या २०१६ च्या मसुद्यात मेश होता. २०१८ च्या मसुद्यातून तो काढला गेला, कारण ब्राउझरांनी तो बांधला नव्हता. ब्राउझरवाले म्हणतात मानकात नाही, मानकवाले म्हणतात ब्राउझरात नाही. मधल्या मधे इंकस्केप या मुक्त सॉफ्टवेअरने मात्र २०१७ च्या जानेवारीत ०.९२ आवृत्तीत मेशचं हत्यार दिलं. त्याबद्दल आम्ही मनापासून ऋणी आहोत, कारण महिन्याचं भाडं भरून सॉफ्टवेअर वापरणं इथल्या छोट्या छपाईवाल्याला परवडत नाही. पण मानकात नसलेली गोष्ट फाईलमध्ये लिहिली की पुढे काय होतं, ते ऐका.

ब्राउझरला मेश कळत नाही म्हणून फाईलमध्ये जावास्क्रिप्टचा तुकडा घातला जातो. तो मेश वाचून त्याचं बिंदूचित्र, म्हणजे पिक्सेलांचं चित्र, रंगवतो. फाईल थेट ब्राउझरात उघडली तर हे चालतं. पण वेबसाइटवर चित्र लावायचं तर ते इमेज म्हणून लागतं, आणि इमेज म्हणून लावलेल्या एसव्हीजीत ब्राउझर कुठलीही स्क्रिप्ट चालवत नाही. हा सुरक्षेचा नियम आहे आणि योग्यच आहे. बऱ्याच वेबसाइटी तर अपलोड होतानाच स्क्रिप्ट खरवडून काढतात. मग आकाराला भरायचा रंग ज्याच्याकडून यायचा तोच सापडत नाही, आणि आकार बिनरंगाचा राहतो. बोंडू गायब, खाली साध्या तपकिरी रंगात भरलेली काजूची बी तेवढी हवेत लोंबकळत.

यावर एक उपाय मानकात पहिल्यापासून आहे. रंगाचा दुवा लिहिताना त्याच्यापुढे एक पर्यायी साधा रंग लिहिता येतो; दुवा फसला तर तो रंग भरला जातो. एका ओळीचं काम. सॉफ्टवेअरने मेशच्या सगळ्या गाठींच्या रंगांची सरासरी काढून ती तिथे आपोआप लिहिली, तरी बोंडू निदान केशरी दिसेल. एवढंही बऱ्याच ठिकाणी होत नाही, हे आम्हाला सर्वांत जास्त खुपतं, कारण यात ना मानकाची अडचण आहे ना गणिताची.

आता हत्याराविषयी. मेश हे चौकोनी जाळं असतं. पाच बाय चारचा मेश घेतला तर वीस खण आणि तीस गाठी. बोंडूला तेवढ्या पुरतात. मग खांद्यावरची चकाकी करायची म्हणून दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा वाढवाव्या लागतात. रेघ मधेच थांबवता येत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत जातेच. जाळं आता सात बाय सहा झालं, गाठी छप्पन्न. हव्या होत्या चार, वाढल्या सव्वीस. उरलेल्या बावीस गाठी चकाकीपासून लांब, लालीच्या आणि सावलीच्या भागात पडतात, आणि त्यातल्या एकीचा रंग जरा चुकला तरी तिथे डाग उठतो. रापणीच्या जाळ्यासारखं आहे हे : एक गाठ ओढली की शेजारच्या चार हलतात.

बांगडी किंवा चुडा काढायचा तर आणखी पंचाईत. चौकोनी जाळ्याला मधे भोक पाडता येत नाही. पट्टी वाकवून तिची दोन टोकं जुळवावी लागतात आणि सांध्यावरच्या दोन्ही बाजूंच्या गाठींचे रंग हाताने तंतोतंत सारखे ठेवावे लागतात. एका गाठीचा रंग बदलला आणि जोडीदार गाठ विसरली की हिरव्या चुड्याला चीर गेलेली दिसते. या दोन गाठी एकमेकींना बांधून ठेवण्याची सोय अवघड नसावी.

याहून चांगला मार्गही माहीत झालेला आहे. २००८ साली ग्रेनोबलच्या संशोधकांनी अडोबीतल्या सहकाऱ्यांबरोबर 'डिफ्यूजन कर्व्ह' मांडले. चित्रकाराने फक्त वक्र रेघ काढायची, तिच्या डाव्या अंगाला एक आणि उजव्या अंगाला दुसरा रंग द्यायचा, आणि ओल्या कागदावर पाणी पसरावं तसा तो रंग मधल्या जागेत पसरतो. चकाकीला एक छोटी रेघ पुरे, ती कुठेही थांबू शकते. इलस्ट्रेटरमध्ये २०१८ साली मोकळेपणाने बिंदू आणि रेघा ठेवून छटा देण्याची सोय आली, तिची जातकुळी हीच. चतुर्थीच्या फ्लेक्ससाठी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची सजावट) काढायची म्हणजे नारळ, केळ्यांचा घड, सुपारीचा घोस, तोरिंजन, असं एकेक फळ छटेचं. प्रत्येकाला छप्पन्न गाठी देत बसलं तर चतुर्थी निघून जाईल. फाईल मेशमध्ये जतन झाली तरी चालेल, पण काढताना हातात रेघ द्या.

यावर कुणी म्हणेल, सपाट रंगाची फॅशन आहे, कशाला हवी छटा? सपाट रंगाचं मोल आम्हाला शिकवायला नको. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवरची कावी कला म्हणजे काव (तांबडी माती) आणि चुना, दोनच रंग, वरचा थर कोरून खालचा दाखवायचा. व्हेक्टरला याहून सोयीचं काही नाही. पण फळ, कापड, चेहरा, समईच्या ज्योतीची प्रभा हे सपाट रंगात मावत नाही. चित्रशाळेत गणपतीच्या गालावर रंगाची फवारणी करणाऱ्याला विचारा.

पट्टे पडण्याचं दुखणं वेगळं. एका रंगाच्या आठ बिटांत २५६ पायऱ्या असतात. मांडवीवरच्या संध्याकाळच्या आकाशाची छटा निळ्याच्या दहा टक्क्यांपासून चाळीस टक्क्यांपर्यंत धरली, तर हाताशी तीस टक्केच, म्हणजे साधारण ७६ पायऱ्या. हीच छटा दहा फूट उंच फ्लेक्सवर पसरली की प्रत्येक पायरी चार सेंटीमीटर रुंद होते. दीड इंचाचा पट्टा रस्त्याच्या पलीकडून दिसतो. डोळाही इथे दगा देतो : दोन पायऱ्यांच्या सीमेवर उजळ बाजू आणखी उजळ आणि गडद बाजू आणखी गडद भासते. एर्न्स्ट माख यांनी १८६५ साली याचं वर्णन करून ठेवलं आहे. मेशमधल्या खणांच्या सीमाही याच कारणाने दिसतात. दोन खण रंगाने जुळलेले असले, पण रंग बदलण्याचा वेग सीमेवर अचानक बदलला, की तिथे रेघ भासते. म्हणून साध्या सरळ भरणीऐवजी गुळगुळीत भरणी लागते, आणि नवा मेश काढताना तीच आधी मिळायला हवी.

ऑफसेट छपाईलाही मर्यादा आहे. १२०० डीपीआयच्या (इंचाला १२०० बिंदू उमटवणाऱ्या) यंत्रावर १५० लाइनचा स्क्रीन (इंचाला छपाईच्या ठिपक्यांच्या १५० ओळी) लावला तर एका ठिपक्याला आठ बाय आठ, म्हणजे ६४ खण मिळतात आणि छटेच्या ६५ पायऱ्या. २४०० डीपीआयवर सोळा बाय सोळा, २५७ पायऱ्या. लेबल छोटं असलं तर पहिल्यावरही निभावतं. दिनदर्शिकेच्या मोठ्या पानावर नाही. यंत्राची मर्यादा तुमच्या हातात नाही, हे कबूल. पण छटेचं बिंदूचित्र बनवताना पायऱ्यांच्या कडा अगदी बारीक दाण्यांनी विस्कटता येतात. एका पायरीएवढा दाणा पुरतो, आणि पट्टा नाहीसा होतो. आज हे काम लोक फाईल बाहेर नेऊन, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद-दोन टक्के नॉइज टाकून करतात. व्हेक्टरचं बिंदूचित्र तिथेच होतं, मग व्हेक्टर कशाला काढलं होतं? एक्सपोर्टच्या खिडकीत दाण्याची एक टिकखूण आणि सोळा बिटांचा पीएनजी, एवढंच पाहिजे.

ब्लेंड करून, म्हणजे शंभर आकार एकामागे एक रचून, छटा उभी करणारे अजून आहेत. दहा फुटांवर शंभर पायऱ्या म्हणजे तीन सेंटीमीटरचा पट्टा. आकार धूसर करून (गाऊशियन ब्लर) बाहेर गेलेला भाग झाकणारे (क्लिप) त्याहून जास्त. ब्लर पीडीएफमध्ये जाताना बिंदूचित्र होतो, आणि त्याचा डीपीआय कमी राहिला तर मोठ्या आकारात चौकटी दिसतात. दोन्ही नाइलाजाचे मार्ग आहेत.

पांढऱ्या रेघेचं कारण कळलं की राग कमी होतो, पण रेघ जात नाही. दोन खणांची सामायिक कड एका पिक्सेलच्या मधून जाते. पहिला खण तो पिक्सेल अर्धा भरतो. दुसरा खण उरलेल्याचा अर्धा भरतो. झाले पंचाहत्तर टक्के. पंचवीस टक्के मागचा पांढरा डोकावतो. पीडीएफ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही रेघ दिसते, रिपमधून (फाईलचे छपाईचे ठिपके करणाऱ्या प्रोग्राममधून) छापताना बहुतेक वेळा येत नाही, पण ग्राहक स्क्रीनवरच पाहून नापास करतो. आम्ही आकाराच्या मागे त्याच रंगाचा एक सपाट आकार ठेवतो. मेश काढणाऱ्या प्रोग्रामनेच सगळ्या खणांची भरणी आधी एकत्र करून मग फक्त बाहेरची कड मऊ केली, तर मुळात प्रश्न उरत नाही.

रंगाच्या मध्याबद्दल थोडं. लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण ० ते २५५ असं लिहितात. शुद्ध लाल २५५,०,० आणि शुद्ध हिरवा ०,२५५,० यांचा मध्य आज १२८,१२८,० असा काढला जातो. हा शेवाळी, मळकट रंग. अर्धकच्च्या बोंडूवर हिरव्यातून लालात जाताना मधे नेमका हाच मळ साचतो. प्रकाशाच्या हिशेबाने काढला तर मध्य १८८,१८८,० येतो, उजळ. पण प्रकाशाचा हिशेब सगळीकडे लावू नका. काळ्यातून पांढऱ्यात जाताना तो मध्य फार फिकट वाटतो आणि जुनी रीतच बरी दिसते. म्हणून हवी आहे ती निवड, प्रत्येक छटेगणिक : जुनी रीत, प्रकाशाची रीत, आणि २०२० साली आलेली ओकेलॅब, म्हणजे डोळ्याला जाणवणाऱ्या फरकाच्या हिशेबाची रीत. पहिल्या दोन रीतींतून निवडण्याचा गुणधर्म एसव्हीजीत सुरुवातीपासून लिहिलेला आहे; बरेच ब्राउझर छटेच्या बाबतीत तो जुमानत नाहीत.

सीएमवायकेबद्दल (छपाईच्या चार शायांबद्दल) एकच : फक्त काळ्या शाईची राखाडी छटा आरजीबीतून (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यातून) गेली की चार शायांची होते, आणि प्लेट केसभर सरकली की राखाडीला गुलाबी नाहीतर हिरवट झाक येते. काळा तो काळाच राहू द्या.

आणि देवनागरी. ही अडचण रोमन लिपीत काम करणाऱ्याला सहसा येत नाही, म्हणून तुमच्या लक्षात आली नसेल. 'श्री शांतादुर्गा प्रसन्न' असं ठळक अक्षरांत लिहायचं आणि वरून खाली पिवळ्यातून केशरी छटा द्यायची, हे इथलं नित्याचं काम. मजकूर मजकूर असतो तोवर छटा सगळ्या ओळीवर सलग बसते. छपाईला देण्याआधी फॉन्टचा घोळ नको म्हणून त्याचे आकार केले, की प्रत्येक अक्षर सुटं होतं. आता छटा दिली तर ती प्रत्येक अक्षराला वेगळी लागते. वेलांटी असलेल्या अक्षराची उंची जास्त, नसलेल्याची कमी, उकाराचं खाली लोंबतं. त्यामुळे शिरोरेषा एका अक्षरावर पिवळी, शेजारी केशरी. सलग रेघ तुकड्यातुकड्यांची दिसते. सगळी अक्षरं एका आकारात जोडली (कंबाइन) तर दुसरं संकट : शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात तिथे भरणीचा नियम सम-विषमाचा (दोनदा झाकलेली जागा रिकामी धरणारा) असला तर भोकं पडतात. खरा उपाय युनियन. आधी सगळे आकार एक करायचे, मग छटा द्यायची. पण युनियननंतर एक अक्षर बदलायचं झालं तर सगळं पहिल्यापासून. निवडलेल्या सगळ्या आकारांवर मिळून एकच छटा पसरवण्याचा पर्याय हत्याराच्या पट्टीवर द्या. मराठी, कोंकणी, हिंदी, नेपाळी, सगळ्यांचं भलं होईल.

तर आमच्या मागण्या.

एसव्हीजीचं मानक ठरवणाऱ्यांनी मेश मानकात परत घ्यावा. पूर्ण मानकात जमत नसेल तर स्वतंत्र जोडपत्रात. ब्राउझर बांधणाऱ्यांनी तो स्क्रिप्टविना रंगवावा. तुमच्यातले काहीजण पीडीएफ ब्राउझरातच दाखवतात, आणि त्या पीडीएफमधले सहावे-सातवे प्रकार तिथे रंगतात. मग हे गणित तुमच्याकडे आहेच.

सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांकडे मागणी : पर्यायी रंग आपोआप लिहिला जावा, हे सर्वांत आधी आणि येत्या आवृत्तीतच. एक्सपोर्ट करताना मेश समोरच्याला कळणार नसेल तर मुकाट्याने जाऊ देऊ नका. विचारा, बिंदूचित्र करू की बारीक तुकडे, आणि किती डीपीआयवर. पीडीएफमध्ये मेश सातव्या प्रकारातच लिहावा आणि तीच पीडीएफ परत उघडली की मेश गाठींसकट परत मिळावा. आज बऱ्याच ठिकाणी तो चित्र होऊन येतो. दाणा, सोळा बिट, रंगाच्या मध्याची निवड, अनेक आकारांवर एक छटा, जुळ्या गाठी : ही यादी वर आलीच आहे.

डिफ्यूजन कर्व्हना वेळ लागेल हे आम्ही समजून आहोत. दोन वर्षं लागली तरी चालेल, पण काम कुठवर आलं ते सांगत राहा.

आमच्या बाजूने काय देऊ शकतो तेही लिहितो. तपासणीच्या फायली आम्ही करून देऊ : छप्पन्न गाठींचं बोंडू, सांध्याचा चुडा, दहा फुटी आकाश, शिरोरेषेची ओळ, फक्त काळ्या शाईची पट्टी. नवी आवृत्ती निघण्याआधी त्या फ्लेक्सवर, १५० लाइनच्या ऑफसेटवर आणि टी-शर्टच्या स्क्रीनवर छापू, आणि छापलेल्याचे फोटो मोजपट्टी ठेवून पाठवू. चुका मराठीत नाही, तुम्हाला कळेल अशा भाषेत नोंदवू. कामाचा जोर चतुर्थीच्या आधीचे दोन महिने असतो. तो सोडून वर्षभर केव्हाही सांगा.

आपले,
गोव्यातले चित्रकार, डिझायनर आणि छपाईवाले